वाख आणि राळ यांची सोयरीक



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांवर बोलणारे विद्वान पुष्कळ येतात, आणि ते यावेत हेच योग्य आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाला चालकांनी बोलावले, तेव्हा आम्ही संप, बोनस आणि किमान वेतन यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र विषय निवडला आहे चिकटण्याचा. झाडाचा तंतू आणि कारखान्यात तयार होणारी राळ, जिला आपण सरसकट प्लॅस्टिक म्हणतो, हे दोन पदार्थ एकत्र केले तर एकमेकांना कितपत धरून राहतात, का सुटतात आणि सुटू नयेत म्हणून काय करावे लागते, एवढाच हा विषय. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा आज सूत्रे आणि समीकरणे यांचे भय कोणी बाळगू नये.

विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्या बांधावरचा आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटायच्या, काही सरपणाला ठेवायच्या आणि उरलेल्यांचा ढीग करून काडी लावायची, ही आपल्या जालना जिल्ह्यातली जुनी रीत आहे. एका हेक्टरातून सुमारे २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. मुंबईला माटुंग्यात १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा निघाली. आज तिला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणतात. या संस्थेने पऱ्हाटीचा चुरा करून, त्यात राळ मिसळून, तापत्या दाबाखाली फळ्या तयार करण्याचे तंत्र केव्हाच सिद्ध केले आहे. म्हणजे आपण जे जाळतो ते लाकूडच आहे, फक्त त्याचे तुकडे बारीक आहेत. प्रश्न त्यांना एकत्र धरून ठेवण्याचा आहे.

हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनाही पडला होता. भिंतीसाठी माती तुडवताना ते तिच्यात भुसा घालीत. तुराट्यांचा कूड उभा करून त्यावर चिखल आणि शेण यांचा लेप देत. नुसता चिखल वाळला म्हणजे आकसतो आणि तडकतो. त्यात काडी असली म्हणजे तडा काडीपाशी येऊन अडतो, कारण काडी तड्याच्या दोन्ही बाजूंची माती धरून ठेवते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे नमुने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी तपासले, तेव्हा त्यांत भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळले. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. तो गिलावा सुमारे दीड हजार वर्षे दगडाला धरून आहे. ज्या कारागिरांनी तो कालवला त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत, पण त्यांची पकड आपल्याला अजून दिसते.

माती आणि काडी यांच्या जागी राळ आणि तंतू ठेवले की आजचा संमिश्र पदार्थ तयार होतो. त्यात दोघांची कामे वाटलेली असतात. तंतू ओढ सोसतो. राळ तंतूंना जागेवर ठेवते आणि एकावरचा भार दुसऱ्यावर पोहोचवते. आता एक अडचण पाहा. तंतू आखूड असतो. त्याचे टोक कोणी हातात धरलेले नसते. मग भार त्याच्यापर्यंत जातो कोणत्या वाटेने? एकच वाट आहे : त्याच्या अंगाला जी राळ लागलेली असते तिच्यातून. तंतू कितीही चिवट असो आणि राळ कितीही कठीण असो, या दोहोंमधला पापुद्र्याएवढा जो जोड आहे तो कच्चा असेल तर सर्व व्यर्थ.

गोठ्यातल्या खुंट्यावरून हे ध्यानात येईल. भुसभुशीत मातीत वीतभर ठोकलेला खुंटा बैलाने मान झटकली की उपटून येतो. तोच खुंटा घट्ट जमिनीत हातभर गेला असेल तर दावे तुटते, पण खुंटा हालत नाही. म्हणजे माती जितकी घट्ट, तितका खुंटा कमी खोल असला तरी चालतो. १९६५ साली इंग्लंडात केली आणि टायसन या दोघांनी तांब्यात बसवलेल्या धातूच्या बारीक तारांवर प्रयोग करून नेमका हाच हिशेब मांडला. तार किंवा तंतू एका विशिष्ट लांबीपेक्षा आखूड असेल तर तो न तुटता निसटून येतो. म्हणजे त्याचे पुरते बळ कामाला येतच नाही. तंतू जाड आणि बळकट असेल तर ही लांबी वाढते, आणि जोड पक्का असेल तर ती घटते. पऱ्हाटीचा तंतू मुळातच आखूड असतो. तेव्हा लांबीची उणीव पकडीने भरून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

जोड पक्का आहे की नाही हे ओळखण्याची रीतही सोपी आहे. प्रयोगशाळेत एका तंतूचे टोक राळेच्या थेंबात बुडवून थेंब घट्ट होऊ देतात आणि दुसऱ्या टोकाने ओढून किती जोर लागला ते मोजतात. कामगाराला मात्र तुटलेली फळी आणि एक भिंग पुरते. तुटलेल्या कडेवर उघडे, स्वच्छ तंतू दाढीच्या खुंटांसारखे बाहेर आलेले असतील आणि शेजारी रिकामी भोके दिसत असतील, तर तंतू निसटले असे समजावे. तंतू कडेशीच तुटलेले असतील आणि त्यांच्या अंगावर राळ राहिली असेल, तर जोड टिकला.

हे दोघे एकमेकांना धरीत का नाहीत, हे आता पाहू. झाडाच्या तंतूचा मुख्य भाग सेल्युलोज. त्याचा स्वभाव असा की त्याला पाण्याची फार ओढ. त्याच्या कणाकणावर जे हायड्रॉक्सिल नावाचे गट असतात ते हवेतली वाफ देखील धरून ठेवतात. म्हणून कोरडा दिसणारा कापूस सुद्धा आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी अंगात बाळगून असतो, आणि ताग त्याहून अधिक. उलट सुतळीचे, पोत्यांचे आणि खुर्च्यांचे जे प्लॅस्टिक आपण रोज पाहतो, ते पॉलिप्रॉपिलीन तेलाच्या गोतातले आहे. पाण्याशी त्याचे जमत नाही. एकाचे गोत पाण्याचे, दुसऱ्याचे तेलाचे. अशी ही सोयरीक. दोघांना एका मांडवात उभे केले तरी ते पाठ फिरवून उभे राहतात.

शिवाय तंतू उघड्या अंगाने येत नाही. सरकी काढलेला कच्चा कापूस पाण्यावर टाकून पाहा. तो बराच वेळ तरंगतो. दवाखान्यातला कापूस टाका. तो ताबडतोब भिजून बुडतो. कापूस दोन्हीकडे तोच. कच्च्या कापसाच्या अंगावर मेणाचा फार पातळ थर असतो, तो दवाखान्यातल्या कापसावरून कॉस्टिक सोड्यात उकळून काढलेला असतो. राळ या मेणाला चिकटली तरी उपयोग नाही, कारण मेण स्वतःच अंगावरून सुटते. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढताना ताटे पाण्यात कुजत घालतात, मग सोलून, आपटून धुतात. त्यात हेच साधते : तंतूंना जखडून ठेवणारा चिकट भाग कुजून जातो आणि वाख मोकळा होतो. दोर वळणाऱ्या माणसाला वाख पुरता धुतला नाही तर दोर पक्का होत नाही हे ठाऊक असते. रसायनशास्त्राला तेच म्हणायचे आहे.

यावर आज जे उपाय आहेत ते थोडक्यात सांगतो. पहिला उपाय धुण्याचा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तंतू बुडवला की मेण आणि इतर मळ निघतो, अंग खरबरीत होते आणि राळेला खाचांत शिरून धरता येते. कापसावर या सोड्याचा काय परिणाम होतो ते इंग्लंडातल्या जॉन मर्सर याने शोधले व १८५० साली त्याचे पेटंट घेतले; 'मर्सराइज्ड' कापडातले नाव ते त्याचेच.

दुसरा उपाय मध्यस्थाचा. पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळीला मॅलेइक ॲनहायड्राइड नावाचे रसायन जोडतात. त्याचे एक टोक तंतूच्या हायड्रॉक्सिल गटांना धरते आणि उरलेली साखळी प्लॅस्टिकमध्ये आपल्याच भाऊबंदांत मिसळून जाते. दोन्ही घरी ऊठबस असलेला माणूस सोयरीक जुळवतो, तसा हा प्रकार. १०० किलो मालात २ ते ५ किलो असा मध्यस्थ पुरतो.

तिसरा उपाय जातभाई राळ निवडण्याचा. १९०७ साली बेकलँड याने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून जी राळ केली, ती बॅकेलाइट. या राळेतही हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून तिचे आणि लाकडाचे चांगले जमते. आपल्या घरांतली जुनी काळी बटणे आणि कुकरच्या मुठी अशाच राळेत लाकडाचा भुसा घालून केलेल्या असत. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात ट्राबांट नावाच्या ३० लाखांहून अधिक मोटारी निघाल्या. त्यांच्या अंगाचे पत्रे लोखंडाचे नव्हते; कापसाचे टाकाऊ तंतू आणि फिनॉलची राळ तापत्या दाबाखाली एकत्र करून ते घडवीत. ज्या तंतूला आपण 'कचरा' म्हणून झाडून टाकतो त्यावर एका देशाने तीस-चौतीस वर्षे मोटारी चालवल्या.

मोटारीच्या टायरची गोष्टही अशीच आहे. आरंभी टायरच्या आत कापसाचा दोर असे. कापसाच्या सुतावर बारीक लव असते. ती रबरात रुतून बसे, आणि वेगळा गोंद लागत नसे. १९३०च्या दशकात रेयॉनचा दोर आला. तो अधिक बळकट होता, पण गुळगुळीत. रबराने त्याला धरलेच नाही. मग त्याला राळ आणि रबराचा चीक यांच्या खास मिश्रणात बुडवून काढावे लागले, तेव्हा कोठे जमले. अधिक बळकट धागा जोडाअभावी हरला असता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोणी विचारील, मग जोड जितका पक्का तितका माल चांगला ना? इथे शास्त्र एक गंमत सांगते. जोड अतिशय पक्का झाला तर माल काचेसारखा ठिसूळ होतो. एका जागी तडा गेला की तो तंतूला न जुमानता आरपार जातो. जोड किंचित सैल असेल तर तडा तंतूपाशी येऊन वळतो, तंतू थोडा सरकतो, त्या सरकण्यात धक्क्याचा जोर खर्ची पडतो आणि वस्तू एकदम फुटत नाही. तेव्हा पकड किती ठेवायची हे वस्तूच्या कामावर ठरते. ओढ सोसायची असेल तर ती घट्ट हवी, आणि धक्का सोसायचा असेल तर तिच्यात थोडे सरकण्याला जागा हवी. संघटना चालवणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता आम्ही हा विषय का निवडला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यातले कामगार आमच्याकडे आले. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथे झाडाचा तंतू आणि राळ यांच्या दाराच्या फळ्या होत. पावसाळा सुरू झाला आणि फळ्यांवर फोड येऊ लागले, कडा फुगून सुटू लागल्या. मालकाने दाबयंत्रावरच्या कामगारांना जबाबदार धरले आणि त्यांची मजुरी कापली. आम्ही चौकशी केली. दाबयंत्रावर काही बदललेले नव्हते. बदलले होते ते आधीच्या छपरात. तिथे तंतू पसरणाऱ्या, हलवणाऱ्या आणि वाळवणाऱ्या सहा बायका होत्या. खर्च वाचवण्यासाठी त्यांपैकी चौघींना कमी केले होते. आम्ही त्यांच्यातल्या एका वयस्क मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, मुठीत धरून दाबला की कळतं. वाळलेला वाख कुरकुरतो. हा गप्प बसतो."

मग आम्ही १० किलो तंतू काट्यावर तोलला, भट्टीच्या तोंडाशी दिवसभर वाळवला आणि पुन्हा तोलला. तो ९ किलोच्या आसपास भरला. म्हणजे दर १० किलोमागे सुमारे किलोभर पाणी दाबाखाली जात होते. तिथल्या तापात त्याची वाफ होणारच, आणि ती जोड फोडूनच बाहेर पडणार. आम्ही काटा मालकापुढे ठेवला. मजुरी परत मिळाली आणि चौघी बायका कामावर आल्या. घोषणा द्यावी लागली नाही.

या प्रसंगातला मुद्दा आमच्या मनातून जात नाही. मालाचे बळ जोडात, आणि जोडाचे बळ त्याआधीच्या धुण्यात, विंचरण्यात, वाळवण्यात. पण हजेरीपटावर ही कामे करणाऱ्यांपुढे 'अकुशल' असे लिहितात आणि सर्वांत कमी मजुरी त्यांनाच देतात. मूठ दाबून ओल ओळखणारी बाई अकुशल, आणि बटण दाबणारा तेवढा कुशल, ही विभागणी कोणत्या शास्त्राने केली? आम्ही वाचलेल्या शास्त्राने तरी केलेली नाही.

आपल्या जिल्ह्यात उद्या हा धंदा वाढू शकेल. कच्चा माल शेतात आहे. जालन्यात बियाण्यांचा आणि लोखंडाचा उद्योग उभा राहिला आहे, यंत्रावर बसलेले हात आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाड्यातले केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. राळेचे शास्त्र शिकायला मुलांना माटुंग्याला जाण्याची गरज उरलेली नाही. म्हणून कारखाना येण्याआधीच आपण काही गोष्टी विचारून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट पाण्याची. २०१२-१३च्या दुष्काळात या शहराने टँकरची वाट पाहत दिवस काढले आहेत. तंतू सोड्याने धुवायचा म्हणजे तो पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने धुणे आले, आणि ते खारट, दाहक पाणी कुठल्या तरी ओढ्यात जाणे आले. मध्यस्थ रसायनाचा उपाय कोरडा आहे. ते वितळलेल्या प्लॅस्टिकमध्येच मिसळते. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते आणि झाडाचा तंतू २०० अंशांच्या पुढे करपू लागतो, म्हणजे मधल्या चिंचोळ्या पट्टीत काम उरकावे लागते. पण ते साधते. जिथे पाण्याचा तुटवडा आणि उन्हाचा सुकाळ, तिथे धुण्यापेक्षा वाळवण्यावर भर देणारी रीत निवडावी, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट फुफ्फुसांची. कापसाच्या धुळीने जिनिंग आणि सूतगिरण्यांतल्या किती माणसांच्या छाती भरल्या, हे इथे बसलेल्या अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. पऱ्हाटीचा चुरा करतानाही धूळ उडणारच. फळ्यांसाठी जी स्वस्त राळ वापरतात तिच्यातून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि त्या वाफेने कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. धूळ ओढणारी यंत्रे, हवा खेळती ठेवणारे पंखे, सोडा हाताळणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा या सोयी यंत्रांच्या खर्चातच धराव्यात. त्या मागाहून मागून मिळत नाहीत, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव.

तिसरी गोष्ट दामाची. पऱ्हाटी आज फुकट जळते म्हणून ती फुकट उचलली जाऊ नये. शेतातून ती उपटणाऱ्याला, बांधावर आणणाऱ्याला आणि वाळवणाऱ्याला ठरलेला भाव मिळावा. आणि या मालाची एक उणी बाजूही ग्राहकाला सांगावी : एकदा घट्ट झालेली फिनॉलची राळ पुन्हा वितळत नाही, आणि प्लॅस्टिकमध्ये अडकलेला तंतू मातीत सहजी कुजत नाही. म्हणून जे टिकायला हवे, दार, फळी, मोटारीच्या आतले अस्तर, तेच यातून करावे. एकदा वापरून फेकायच्या वस्तूसाठी एवढी खटपट करू नये.

बंधुभगिनींनो, दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ एकमेकांना धरून राहावेत म्हणून आधी त्यांचे अंग स्वच्छ करावे लागते, ओल काढावी लागते आणि दोघांनाही मानवेल असा दुवा घालावा लागतो. हे काम दिसत नाही, कारण ते जोडाच्या आत गडप होते. एखादी वस्तू हातात घेऊन तिची चकाकी पाहाल, तेव्हा तिच्या आतला वाख कोणी वाळवला आणि त्याला काय मजुरी मिळाली, एवढे विचारण्याची सवय या शहराला लागली तर आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.